रक्तात लिहिलेलं वाचताना

मैत्रिणींनो, फेब्रुवारी २०२१ आठवतो ना? आपल्या वाशीम जिल्ह्याचं नाव अचानक टीव्हीवर झळकलं होतं. रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत २२९ विद्यार्थी एकदम कोरोनाबाधित निघाले. त्यातली बरीचशी मुलं अमरावती, यवतमाळकडची. आमच्या बचत गटातल्या दोघींची भाचरं तिथं शिकायला होती, म्हणून त्या आठवड्यात आमच्याकडे दुसरा विषयच नव्हता. तेव्हाच पेपरात पहिल्यांदा वाचलं की, विदर्भातले नमुने 'जिनोम सिक्वेन्सिंग'साठी पुण्याला पाठवलेत. हा शब्द मोठ्यानं वाचताना माझी जीभ दोनदा अडखळली. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, माझा विज्ञानाशी संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. गटातल्या एकीनं विचारलं, "ताई, म्हणजे काय पाहतात वं त्यात?" मी आपलं ठोकून दिलं, "विषाणूची जात पाहतात."

अगदीच चुकीचं नव्हतं ते. कोरोनाच्या विषाणूचा सगळा मजकूर जेमतेम तीस हजार अक्षरांचा. तो वाचून कुठली अक्षरं बदलली ते शोधायचं. २४ मार्च २०२१ ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं सांगितलं की, महाराष्ट्रातल्या नमुन्यांपैकी १५ ते २० टक्क्यांमध्ये दोन बदल एकत्र असलेला विषाणू सापडतोय. 'डबल म्युटंट' म्हणून तेव्हा जो बोलबाला झाला, तो हाच. पुढे त्याच घराण्यातल्या एका फांदीला 'डेल्टा' हे नाव मिळालं. त्या डेल्टानं काय केलं ते मी काय सांगू? प्रत्येकीच्या घरातलं किंवा शेजारचं कुणीतरी त्यात गेलंय.

पण आज मला विषाणूबद्दल लिहायचं नाही. हीच तपासणी वर्षभरानं माझ्या नात्यातल्या एका घरात शिरली, आणि ती का करावी लागली त्यात माझाही हात होता. म्हणून लिहिते आहे.

तिला आपण वैशाली म्हणू. खरं नाव वेगळं. गाव मालेगाव तालुक्यातलं. २०१७ मध्ये तिचं लग्न तिच्या सख्ख्या आतेभावाशी झालं आणि मध्यस्थी माझी. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत जुनीच. इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ सालच्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथातही तिची नोंद केली आहे. मी तर फार मोठं काम केल्यासारखी मिरवत होते. घरची पोर घरात राहिली, हुंडा नाही, आत्याच सासू म्हणजे जाच नाही, बहीणभावातला शेताचा जुना वादही मिटला. अजून काय हवं?

२०१९ मध्ये मुलगा झाला. गोरागोमटा, वेळेवर रांगला, वर्षाचा झाल्यावर चालायला लागला. दीड वर्षाचा असताना पडायला लागला. आधी वाटलं, पोरगं आहे, पडणारच. मग पाय ताठ होऊ लागले, 'आई', 'बाबा' म्हणत होता तेही बंद झालं. वाशीमला दाखवलं, अकोल्याला दाखवलं. मध्ये लॉकडाऊन, सगळं बंद. एका मांत्रिकाकडेही नेऊन आणलं, ते मला नंतर कळलं. आणि घरात कुजबुज सुरू झाली. आत्याचं म्हणणं एकच, "आमच्या घराण्यात असं कोणालेच नाही. हे हिच्या आईच्या माहेराकडून आलं." स्वतःच्या सख्ख्या भाचीला ती असं म्हणायची. वैशाली मला फोनवर म्हणाली, "काकू, लग्नाआधी आत्या होती हो, आता फक्त सासू राहिली."

शेवटी नागपूरच्या एका बालमेंदूरोगतज्ज्ञांनी एमआरआय पाहून सांगितलं की, मेंदूतल्या पांढऱ्या भागाचा आजार दिसतोय, पण या गटात बरेच आजार येतात आणि दिसायला ते सारखेच असतात. नेमका कोणता, हे 'एक्झोम' तपासणीतून कळू शकेल. खर्च ऐकून वैशालीच्या नवऱ्याचा चेहरा उतरला. साधारण सहा क्विंटल सोयाबीनचे पैसे! एवढं करून औषध मिळेलच असं नाही, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मग कशाला करायची, असं सासऱ्यांचं म्हणणं. वैशाली मात्र हटून बसली. "मले नाव पाहिजे त्याचं," एवढंच म्हणाली.

चमचाभर रक्त घेतलं, जांभळ्या टोपणाच्या छोट्या नळीत. पुढचे पाच आठवडे नुसती वाट पाहणं. त्या दिवसांत मी जे वाचलं आणि नंतर तिथल्या समुपदेशक बाईंना विचारून विचारून समजून घेतलं, ते माझ्या भाषेत सांगते.

आपल्या प्रत्येक पेशीत जवळपास तीनशे कोटी अक्षरांची एक पोथी असते. अक्षरं चारच : ए, टी, जी, सी. अर्धी पोथी आईकडची, अर्धी वडिलांकडची, म्हणजे प्रत्येक पान जोडीनं येतं. ही पोथी पहिल्यांदा वाचायचा जागतिक प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला आणि २००३ मध्ये संपला. तेरा वर्षं आणि सुमारे तीनशे कोटी डॉलर लागले. आता एका माणसाची पोथी यंत्र दोन-चार दिवसांत वाचतं. हे कसं जमलं, तर वाचायची पद्धतच बदलली. समजा, घरात एकाच पोथीच्या तीस प्रती होत्या आणि उंदरांनी सगळ्या कुरतडून त्यांचे चिटोरे केले. प्रत्येक चिटोऱ्यावर शे-दीडशे अक्षरं. पण तिसांपैकी प्रत्येक प्रत वेगळ्या जागी फाटलेली, म्हणून एका चिटोऱ्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडाशी जुळतं. यंत्र असे कोट्यवधी चिटोरे एकाच वेळी वाचतं आणि संगणक ते एका छापील नमुना पोथीवर ठेवून जुळवत जातो. तीस-तीसदा वाचल्यामुळे यंत्राची चूक आणि माणसाच्या रक्तातला खरा बदल, यांतला फरकही कळतो. वैशालीच्या मुलाची अख्खी पोथी वाचली नव्हती. शरीराला लागणारी प्रथिनं कशी बनवायची ते ज्या पानांवर लिहिलंय, तेवढीच वाचली. ती एकूण पोथीच्या एक-दोन टक्केच, पण माहीत असलेल्या आनुवंशिक आजारांचं मूळ बहुतेकदा तिथंच सापडतं. त्यालाच एक्झोम म्हणतात.

खरं काम याच्यापुढे असतं. एवढ्याशा पानांतही नमुन्यापेक्षा वेगळी अशी वीस-पंचवीस हजार ठिकाणं निघतात. म्हणून घाबरायचं नाही. तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत असतात. त्यांतला दोषी कोणता? सुपात धान्य घेऊन आपण पाखडतो ना, तसंच. निरोगी माणसांमध्येही सर्रास आढळणारे बदल आधी उडवून लावायचे, कारण आजार दुर्मीळ आहे. प्रथिनावर परिणामच न करणारे बदल बाजूला काढायचे. मग उरलेल्या खड्यांतून मुलाच्या लक्षणांशी जुळणारा शोधायचा. म्हणूनच तपासणीच्या आधी डॉक्टरांनी मुलगा कधी चालला, कधी पडायला लागला, आधी बोलणं गेलं की चालणं, हे तासभर खोदून खोदून विचारलं होतं. तेव्हा वैशालीचा नवरा वैतागला होता, एवढी चौकशी कशाला म्हणून. पण आई नीट सांगते तेव्हाच संगणकाला नीट सापडतं. मला ही गोष्ट फार आवडली.

आणि ती नमुना पोथी कुणाची, ठाऊक आहे? बरीचशी एकाच माणसाची! १९९७ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो गावच्या वर्तमानपत्रात रक्तदात्यांसाठी जाहिरात आली होती, ती वाचून गेलेल्यांपैकी एकाची. त्याचं नाव जाहीर नाही. आता बफेलोचा माणूस कुठं आणि आपण कुठं! तिथं दुर्मीळ असलेला बदल आपल्याकडच्या एखाद्या जातीत घरोघरी असू शकतो. शेकडो वर्षं आपण लग्नं आपापल्या समाजातच लावत आलो, त्यामुळे प्रत्येक समाजाची काही खास अक्षरं तयार झालीत. आर्य वैश्य समाजाचं उदाहरण डॉक्टर मंडळी हमखास देतात. त्यांच्यातल्या काही जणांना शस्त्रक्रियेत स्नायू सैल करायला देतात ते एक औषध लवकर उतरत नाही, श्वास पूर्ववत व्हायला फार वेळ लागतो. आधीच माहीत असेल तर भूलतज्ज्ञ औषध बदलतात, संपलं. म्हणून आपल्याच माणसांच्या पोथ्या हव्यात. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०२० मध्ये 'जिनोम इंडिया' प्रकल्प हाती घेतला. देशातल्या वीस संस्था, ऐंशीहून अधिक समाजगट आणि सुमारे दहा हजार निरोगी माणसं. ती माहिती ९ जानेवारी २०२५ पासून संशोधकांसाठी खुली झाली आहे. वैशालीच्या मुलाच्या वेळी ती नव्हती. तरी तिचा अहवाल स्पष्ट आला, कारण तो बदल आधीपासून डॉक्टरांच्या यादीत होता.

सगळ्यांच्या नशिबी असा स्पष्ट अहवाल येत नाही. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेला स्तनाचा कर्करोग झाला, तिच्या आईलाही होता. म्हणून जनुक तपासणी केली, तर उत्तर आलं 'अर्थ अनिश्चित असलेला बदल'. बाई इतकी घाबरली की दोन्ही स्तन आणि अंडाशय काढून टाका म्हणून मागे लागली. डॉक्टरांनी साफ नकार दिला. अशा बदलाचा अर्थ आज माहीत नाही एवढंच, त्यावर विसंबून अवयव काढायचे नसतात. दर एक-दोन वर्षांनी पुन्हा विचारत राहायचं, कारण नवी माहिती आली की अर्थ बदलू शकतो. अहवाल हातात ठेवून समजावून सांगणारं माणूस नसेल, तर ही तपासणी करूच नये, असं माझं मत आहे. आणि हो, थुंकीवरून मुलाचा कल ओळखा, खेळाडू होईल की कलेक्टर ते सांगतो, अशा जाहिरातींना पैसे देऊ नका. त्या पैशांत त्याला सायकल घ्या.

एप्रिल २०२२ मध्ये अहवाल आला. आजाराचं नाव मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी. लिहून घ्यायलाच मला तीनदा विचारावं लागलं. विजेच्या तारेवर जसं प्लास्टिकचं आवरण असतं, तसं मज्जातंतूंवरही असतं. एआरएसए नावाच्या जनुकात बिघाड झाला की एक पाचक द्रव्य बनत नाही, एक प्रकारची चरबी साठत जाते आणि ते आवरण झडतं. रक्तातलं ते द्रव्य वेगळं मोजून डॉक्टरांनी खात्रीही करून घेतली. उपचार? लक्षणं दिसण्याआधीच द्यायची एक जनुकीय उपचारपद्धती निघाली आहे, युरोपात २०२० मध्ये आणि अमेरिकेत २०२४ मध्ये तिला परवानगी मिळाली. अमेरिकेतली किंमत साडेबेचाळीस लाख डॉलर. मुलाची लक्षणं तर केव्हाच दिसली होती.

समुपदेशक बाईंनी आम्हा सगळ्यांना बसवलं. वैशाली, तिचा नवरा, आत्या आणि मी. आपल्या विदर्भातल्या बायांना सिकलसेल माहीत असतो, म्हणून त्यांनी तिथूनच सुरुवात केली. सिकलसेलमध्येही एकच अक्षर बदललेलं असतं. पानांच्या जोडीतलं एकच पान बिघडलेलं असेल तर माणूस फक्त वाहक, त्याला सहसा त्रास नाही. दोन्ही पानं बिघडली की आजार. तसंच इथं. नवरा वाहक, वैशालीही वाहक. दोघं ठणठणीत, पण मुलाला दोघांकडून नेमकं बिघडलेलं पानच मिळालं. मग बाईंनी कागदावर घराण्याचं झाड काढलं. म्हणाल्या, "एवढा दुर्मीळ बदल, आणि दोघांत अगदी तोच, अक्षर न् अक्षर तोच. म्हणजे बहुधा तो एकाच माणसाकडून आलाय. वैशालीकडे तिच्या वडिलांकडून, यांच्याकडे यांच्या आईकडून. दोघं बहीणभाऊ. त्याआधी तुमच्या आईकडून किंवा वडिलांकडून."

आत्या झाडाकडे पाहत राहिली. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. मग म्हणाली, "म्हंजे हे माह्याकडून आलं व्हय?"

"दोष कुणाचाच नाही हो आजी," बाई म्हणाल्या. पण आत्यानं ते ऐकलंच नसावं. तिनं पदर सावरला, हात पुढे केला आणि म्हणाली, "माहंही रक्त घ्या." डॉक्टरांच्या मते उपचारासाठी त्याची गरज नव्हती, पण ती ऐकेना. तीन आठवड्यांनी तिचाही अहवाल आला. तीही वाहक.

तिनं वैशालीची माफी मागितली का? नाही. आपल्याकडे सासवा तशा मागत नाहीत. पण त्या दिवसापासून नातवाला नळीनं भरवायचं काम तिनं स्वतःकडे घेतलं आणि ते कुणालाही करू दिलं नाही.

माझं काय? ते लग्न मी जुळवलं होतं. बसमध्ये परत येताना मी वैशालीला म्हणाले, चूक माझी आहे. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "तुम्हाले कुठं माहीत होतं काकू? मलेच कुठं होतं?" ते खरंच. पण एक गोष्ट तर आता माहीत होती. तेव्हा घरात वैशालीच्या धाकट्या बहिणीचं त्याच घरातल्या धाकट्या दिराशी जमवायचं घाटत होतं. दोघी बहिणी जावा होतील, बरं होईल, म्हणून. मी वैशालीच्या वडिलांकडे गेले आणि सांगितलं, निदान दोघांची तपासणी करा. ते माझ्यावरच चिडले, "गावात कळलं तर पोरीचं दुसरीकडेही जमणार नाही." त्यांची भीती खोटी नव्हती. वाहक असणं हा आजार नाही, हे गावाला कोण समजावणार? शेवटी असं ठरलं की गावाला काही सांगायचं नाही, पण त्या मुलीला सगळं सांगायचं, कारण रक्त तिचं आहे. ते लग्न मोडलं. पुढे तिचं नात्याबाहेर जमलं, आणि लग्नाआधी तिनं स्वतःच त्या मुलाला सांगितलं. धीट निघाली.

वैशालीला दुसरं मूल हवं होतं. आमच्यातल्या एकीनं तिला धीर दिला, "चारातलं एक झालं, आता तीन चांगली होतील." हा गैरसमज फार पसरलेला आहे. कवड्या टाकताना मागच्या वेळी काय पडलं ते कवडीला आठवत नाही. दर गरोदरपणात चारातला एक धोका नव्यानं, तेवढाच. मुलातला बदल नेमका माहीत असल्यामुळे मात्र आता पोटातल्या बाळाची तपासणी शक्य होती. अकरा-बारा आठवड्यांना वारेचा अगदी लहान तुकडा काढून तेवढंच एक पान वाचायचं. गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळे पुष्कळ बायांना वाटतं की अशी तपासणीच बेकायदा आहे. तसं नाही. नोंदणीकृत केंद्रात आनुवंशिक आजारासाठी ती करता येते, फक्त मुलगा की मुलगी हे कुणी सांगायचं नाही आणि कुणी विचारायचं नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात मी तिच्यासोबत नागपूरला गेले. समृद्धी महामार्ग झाला होता, तीन-साडेतीन तासांत पोहोचलो. मागे याच प्रवासात तापलेलं पोरगं मांडीवर घेऊन तिचा अख्खा दिवस जायचा. वाटेत मी विचारलं, अहवाल वाईट आला तर? "तर थांबवायचं," ती म्हणाली. "अजून एकाले असं झिजताना मी नाही पाहू शकत." मी काही बोलले नाही. ज्यानं ते पाहिलेलं नाही, त्यानं यावर मत देऊ नये.

अहवालात बाळ वाहक निघालं. आईसारखं, बापासारखं, आजीसारखं.

आपल्या जिल्ह्यापुरतं एक सांगते. केंद्राच्या 'उम्मीद' या आनुवंशिक आजारांच्या उपक्रमाची सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये झाली, तेव्हा गरोदर माता आणि नवजात बाळांच्या तपासणीसाठी देशातले सात आकांक्षित जिल्हे निवडले होते. त्यांत महाराष्ट्रातले दोन, नंदुरबार आणि आपलं वाशीम. आणि १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्याची चाचणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. या ठरावीक आजारांच्या तपासण्या आहेत, वैशालीच्या मुलाचा आजार त्यांत सापडला नसता. पण लग्नाआधी पत्रिका पाहायला आपण चार कोस जातो, सिकलसेलची चाचणी तर जवळच्या आरोग्य केंद्रात होते. घरात एखादं मूल असं गेलं असेल, नात्यात लग्नं होत असतील, तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. विचारेपर्यंत थांबू नका.

वैशालीचा मुलगा २०२४ मध्ये गेला. धाकटी तेव्हा रांगत होती.

परवा त्यांच्याकडे गेले होते. अंगणात सोयाबीन वाळत घातलेलं आणि त्यातून धाकटी पळत होती. पाय सरकून पडली, तशी आत्या ओसरीवरून ताडकन उठली. पोर आपली उठून पुन्हा पळायला लागली. आत्या माझ्याकडे वळली. "रिपोर्टात चांगली हाये नं वं ही?" हे तिनं मला आजवर कितीदा विचारलं असेल, मोजलेलं नाही. मी म्हटलं, हो आत्या, चांगली आहे.

"मंग पडू दे," ती म्हणाली आणि खाली बसली.